शिष्यवृत्तीला पात्र कोण? हे ठरवले कोणी?



प्रवेशाचे दिवस आले की जरीपटका, इंदोरा, बेझनबाग भागातली आपली मुले-मुली जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला गोळा करत फिरतात. एक कागद कमी पडला की भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो आणि मुलाला वाटते, आपण पात्रच नाही. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पात्रतेच्या अटी आकाशातून पडलेल्या नाहीत. त्या माणसांनी लिहिल्या, माणसांनी बदलल्या आणि त्यातली सर्वांत अन्यायकारक अट आपल्या चळवळीने बदलायला लावली. हा इतिहास आपल्या तरुणांना माहीत हवा.

शिष्यवृत्तीची अट काय असते ते बाबासाहेबांनी स्वतः अनुभवले होते. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा सरकारशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परतल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी. १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा राहायला जागा मिळाली नाही. विद्यार्थी अट पाळायला तयार होता, समाज त्याला पाळू देत नव्हता.

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले आणि उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. वर्षाला तीन लाखांची तरतूद झाली. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळू लागली. आज आपण जिला भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणतो, तिचे मूळ हे आहे. ही कोणाची मेहेरबानी नव्हती. शतकानुशतके शिक्षण नाकारले, त्याची ती अल्पशी भरपाई होती.

मग आली धर्माची अट. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माबाहेरच्या माणसाला अनुसूचित जातीतून वगळले. सुरुवातीला अपवाद होता तो काही शीख जातींचा. १९५६ मध्ये सर्व शीख दलितांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत बुद्ध धम्म स्वीकारला आणि कायद्याच्या कागदावर ते अनुसूचित जातीचे उरले नाहीत. बौद्ध झाल्याने कोणाची झोपडी पक्की झाली नाही, कोणाच्या शेतात विहीर आली नाही, गावातला पाणवठा खुला झाला नाही. बदलला तो फक्त अर्जातला धर्माचा रकाना.

त्या रकान्याने घरोघरी पेच टाकला. बौद्ध लिहावे तर मुलाचा कायदेशीर हक्क जातो, हिंदू महार लिहावे तर दीक्षाभूमीवर घेतलेल्या प्रतिज्ञा डोळ्यांसमोर येतात. काहींनी एक लिहिले, काहींनी दुसरे. त्यांना दोष देण्याआधी असा पेच कोणी निर्माण केला ते विचारा. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण त्या राज्यापुरत्या. केंद्राच्या यादीत बौद्ध आले ते १९९० मध्ये, व्ही. पी. सिंग यांच्या सरकारच्या काळात. मध्ये ३४ वर्षे गेली, म्हणजे शिकणारी एक अख्खी पिढी.

'धर्म बदलला मग सवलत कशाला' असे आजही विचारणाऱ्यांना जरीपटक्याचेच उदाहरण द्या. फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव इथे वसले. विस्थापितांच्या पुनर्वसनाला सरकारने मदत केली आणि ते योग्यच केले. तिथे निकष होता सोसलेल्या नुकसानीचा. मग अस्पृश्यतेने केलेले नुकसान मोजताना पूजाघरात का डोकावायचे? दलित ख्रिश्चन आणि दलित मुस्लिमांच्या बाबतीत हा प्रश्न आजही उभा आहे.

दुसरी अट तारखेची. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. त्या दिवशी नागपूर मध्य प्रदेशात होते. बालाघाटही त्याच राज्यात होते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची सीमा बदलली. आजोबा १९५८ मध्ये बालाघाटहून मजुरीला नागपुरात आले असतील, तर त्यांचा नातू महाराष्ट्रात स्थलांतरित ठरतो आणि इथल्या सवलतींना मुकतो. सरकारने सरकवलेल्या सीमेची किंमत तो मोजतो.

तिसरी अट उत्पन्नाची. भारत सरकार शिष्यवृत्तीची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा २०१३-१४ पासून अडीच लाखांवर थांबली आहे. म्हणजे महिन्याला २१ हजारांहूनही कमी. त्यानंतर खोलीभाडे, मेस, पुस्तके, बसभाडे सगळे वाढले. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांसाठीच्या राज्याच्या शिक्षण शुल्क योजनेची मर्यादा मात्र आठ लाखांपर्यंत नेली. त्यांना मिळते याबद्दल आमची तक्रार नाही. अडीच लाखांवरच्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला महाराष्ट्रात फ्रीशिप आहे हेही खरे. पण फ्रीशिप शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क भरते, निर्वाह भत्ता देत नाही. मुले अनेकदा फीमुळे नव्हे, खोलीभाड्यामुळे आणि जेवणाच्या खर्चामुळे कॉलेज सोडतात. एकाच राज्यात गरिबीची रेषा एकासाठी आठ लाखांवर आणि दुसऱ्यासाठी अडीच लाखांवर का, याचे उत्तर सरकारने द्यावे.

मित्रांनो, अर्ज नाकारला की गप्प घरी परतू नका. कोणत्या नियमाने नाकारला ते लेखी मागा, शासन निर्णय वाचा, समाजकल्याण कार्यालयात तक्रार द्या. वस्तीतल्या प्रत्येक बुद्धविहारात जून ते ऑगस्ट आठवड्यातून एक संध्याकाळ अर्जांसाठी ठेवा. शिकलेल्यांनी तिथे बसावे आणि अडलेल्या अर्जांची नोंद ठेवावी. अडीच लाखांची मर्यादा महागाईशी जोडा, ही मागणी त्याच नोंदींच्या आधारे पुढे न्यायची आहे. धर्माची अट बदलायला ३४ वर्षे लागली. उत्पन्नाच्या अटीसाठी आणखी एक पिढी खर्ची घालायची नाही.

जयभीम!