खो-खोतील डावपेचांची निवड : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना
मराठवाड्याच्या इतिहासलेखनात निजामी राजवट, हैदराबाद मुक्तिसंग्राम, संतपरंपरा आणि दुष्काळ या विषयांना महत्त्वाचे स्थान मिळाले आहे. त्या तुलनेत मैदानी खेळांचा इतिहास उपेक्षित राहिला. विजेता संघ, चषक व पुरस्कार यांची नोंद होते. परंतु संघ कोणत्या विचाराने खेळला, याची नोंद क्वचितच होते. प्रस्तुत लेखात खो-खोतील डावपेचांची निवड नियमांच्या इतिहासाशी कशी निगडित आहे आणि धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व काय, याचा विचार केला आहे.

नियमांची जडणघडण
१९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोच्या नियमांना निश्चित रूप देण्याचा प्रयत्न केला. १९२४ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने आपली नियमावली तयार केली. १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुणे व बडोदा येथे नियम ठरत होते, त्या काळात उस्मानाबाद जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. खो-खोची राष्ट्रीय संघटना आकार घेत असतानाच हा जिल्हा एका नव्या राज्याचा भाग होत होता, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

नियम आणि डावपेच
पारंपरिक खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात व नववा धावतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. संरक्षकावर मात्र असे कोणतेही बंधन नाही. ही विषमता भरून काढण्याचे एकमेव साधन म्हणजे खो. त्यामुळे आक्रमणाचे यश केवळ धावण्याच्या वेगावर अवलंबून राहत नाही. गडी हाताच्या अंतरावर दिसत असतानाही मोह आवरून योग्य जागी बसलेल्या सहकाऱ्याला खो देणे, यातच आक्रमकाची खरी कसोटी असते.

संरक्षणात साखळी आणि रिंगण या दोन प्रमुख पद्धती आहेत. साखळीत संरक्षक बसलेल्या खेळाडूंच्या मधून नागमोडी पुढे सरकतो; रिंगणात तो काही खेळाडूंभोवती फेर धरतो. दोन्हींचा पाया एकच : पाठलाग करणारा मागे वळू शकत नाही.

संरक्षक तीन-तीनच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. वरिष्ठ गटातील पारंपरिक सामन्यात एक पाळी ९ मिनिटांची असते. येथे कर्णधार व प्रशिक्षक यांच्यापुढे पेच उभा राहतो. उत्तम संरक्षक पहिल्याच तुकडीत उतरवले तर वेळेचा मोठा भाग तेथेच खर्ची पडतो. पण ते लवकर बाद झाले तर मागे आधार उरत नाही. राखून ठेवले तर आधार राहतो, परंतु आरंभीच गुण जाण्याचा धोका पत्करावा लागतो. हा निर्णय खेळाडूंचा दम, प्रतिस्पर्ध्यांची पद्धत आणि सामन्याची स्थिती पाहूनच घ्यावा लागतो. त्यासाठी आपल्या प्रत्येक खेळाडूची वर्षानुवर्षांची ओळख आवश्यक असते.

धाराशिवचे योगदान
२०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे नेतृत्व उस्मानाबादच्या सारिका काळे यांनी केले. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या या खेळाडूला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. खो-खोला हा सन्मान २२ वर्षांच्या खंडानंतर मिळाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा याच शहरात भरली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीतील पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळवर ७८-४० असा विजय मिळवला. त्या संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या. या खेळाला महागडी साधने लागत नाहीत. लागते ते सपाट मैदान, दोन खांब आणि सातत्याने मिळणारे मार्गदर्शन. अवर्षणप्रवण जिल्ह्यातील मुली आंतरराष्ट्रीय स्तरावर पोहोचल्या, याचा विचार करताना ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

बदलते स्वरूप
२०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगमध्ये आक्रमकांची संख्या सातवर आली आणि ‘वझीर’ या खेळाडूला कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा मिळाली. त्यामुळे साखळी व रिंगण यांचा मूळ पायाच हलतो. वेग व प्रेक्षकांची पसंती या दृष्टीने बदल स्वागतार्ह असेल; परंतु जुन्या बंधनांतून घडलेले ज्ञान नव्या स्वरूपात आपोआप टिकेल, असे मानता येत नाही.

समारोप
गुणपत्रकावर कोण, कोणत्या मिनिटाला, कोणाकडून बाद झाला हे कळते. त्यापूर्वी कोणी कोणता खो का दिला, हे कळत नाही. तो निर्णय खेळाडू व प्रशिक्षक यांच्या स्मरणातच राहतो आणि त्यांच्याबरोबरच लोप पावतो. ग्रामीण खेळाडूंच्या, विशेषतः महिलांच्या बाबतीत ही हानी दुहेरी आहे. कारण त्यांच्या कष्टांचे कौतुक होते, पण बुद्धीची नोंद होत नाही. महाविद्यालयांतील इतिहास व शारीरिक शिक्षण विभागांनी एकत्र येऊन जुन्या खेळाडूंच्या व प्रशिक्षकांच्या मुलाखती आणि मैदानावरील रचनांच्या आकृत्या संकलित केल्यास जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाचे एक मोलाचे साधन उपलब्ध होईल.