ऑकलंडच्या हिवाळ्यात कुंडीतील तुळस

आषाढी एकादशीच्या सुमारास महाराष्ट्रातील तुळस पावसाने तरारलेली असते. त्याच दिवसांत ऑकलंडच्या अवोन्डेल उपनगरात ऐन हिवाळा असतो. जुलैत येथील रात्रीचे सरासरी किमान तापमान ७ ते ८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि साधारण १० अंशांखाली तुळशीची वाढ जवळजवळ थांबते. कार्तिकातील तुळशीविवाह येथे वसंताच्या अखेरीस येतो. तोवर रोप टिकवायचे, तर चातुर्मासच कसोटीचा ठरतो.

पहिला प्रश्न उन्हाचा. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरत असल्याने कुंडी उत्तराभिमुख खिडकीत ठेवावी. जूनच्या अखेरीस येथे दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा असतो, त्यामुळे काही पाने गळणे स्वाभाविक आहे. रात्री पडदा ओढल्यावर काच आणि पडदा यांच्यामधील जागा घरात सर्वांत थंड असते. जुन्या, एकेरी काचेच्या लाकडी घरांत तर विशेषच. म्हणून संध्याकाळी कुंडी आत घ्यावी, पण हीट पंपाच्या झोतात ठेवू नये. कोरड्या उष्ण हवेत लाल कोळी ही कीड झपाट्याने पसरते.

थंडीपेक्षाही अधिक रोपे पाण्याने दगावतात. स्नानानंतर रोज तांब्याभर पाणी घालण्याची रीत कोकणातल्या वृंदावनाला मानवते. वाढ थांबलेल्या रोपाची मुळे मात्र त्याने कुजतात. बोटाच्या पेरभर खोलीपर्यंत माती कोरडी लागल्यावरच पाणी द्यावे. नित्यनेमासाठी पळीभर पाणी पुरते. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. या काळात खतही नको.

मातीविषयी एक इशारा गंभीरपणे घ्यायला हवा. पॉटिंग मिक्स व कंपोस्टमध्ये 'लिजिओनेला लाँगबीची' हा जिवाणू असू शकतो आणि त्याची धूळ श्वासावाटे आत गेल्यास लिजनेअर हा न्यूमोनियाचा प्रकार जडतो. न्यूझीलंडमध्ये या आजाराचे हे एक प्रमुख कारण आहे. वृद्धांना, म्हणजे भेटीस आलेल्या आईवडिलांनाही, त्याचा धोका अधिक. पिशवी उघड्यावर, चेहऱ्यापासून दूर धरून कापावी, मिश्रण ओले करावे, मास्क व हातमोजे वापरावेत आणि नंतर हात धुवावेत.

एवढे करूनही रोप जाऊ शकते. त्यासाठी मार्चमध्येच मंजिऱ्यांतील बी वाळवून ठेवावे आणि दोन-तीन कोवळ्या फांद्या पाण्यात रुजत घालाव्यात. भारतातून सामानात रोप किंवा माती आणू नये. बी आणल्यास ते विमानतळावर जाहीर करावे लागते. जाहीर न केल्यास ४०० डॉलरचा दंड जागीच होऊ शकतो, आणि जाहीर केलेले बी आत येईलच असेही नाही. स्थानिक भारतीय कुटुंबांकडून रोप मिळवणे अधिक सोयीचे. विकत घेताना मात्र पान चुरगळून वास घ्यावा, कारण 'बेसिल' या नावाने मिळते ती बहुधा स्वयंपाकातली गोड बेसिल असते.

घरचे बी ऑगस्टच्या अखेरीस उबदार खोलीत, मातीवर नुसते भुरभुरून पेरावे. त्याला उजेड लागतो, वर माती लोटू नये. नोव्हेंबरपर्यंत वीतभर रोप तयार होते. विवाहाला तेवढे पुरते.