हाताची विद्या आणि विद्यापीठाची पदवी

कोणत्या विषयास विद्यापीठानें पदवी द्यावी हा प्रश्न वरवर दिसतो तितका कारकुनी खचितच नाहीं. कोणत्या श्रमास ज्ञान म्हणावयाचें आणि कोणत्यास नुसतें कसब, याचा निवाडा त्यांत होत असतो. न्यूझीलंडमधील डनीडिन शहरीं फिजिओथेरपीचें जें शिक्षण चालतें, त्याचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

डनीडिनचें ओटागो विद्यापीठ १८६९ सालचें, त्या देशांतील सर्वांत जुनें. तेथील वैद्यकीय शिक्षणाच्या छायेंत १९१३ सालीं एक शाळा निघाली. नांव 'स्कूल ऑफ मसाज', म्हणजे अंगमर्दनाची शाळा. हें नांव घेण्यास त्या काळीं थोडें धैर्यच लागत असावें. इंग्लंडांत अंगमर्दनाच्या आडून चालणाऱ्या भलत्या व्यवसायाचा बोभाटा होऊन वीस वर्षेंहि लोटलीं नव्हतीं. त्या बदनामींतून आपला धंदा वांचविण्यासाठीं चार स्त्रियांनीं १८९४ सालीं लंडनमध्यें एक संस्था स्थापिली व स्वतःस कडक नियम घालून घेतले. त्यांतील एक असा कीं, डॉक्टरच्या आज्ञेवांचून कोणा रुग्णास हात लावावयाचा नाहीं. या नियमानें अब्रू मिळाली. पण विचार डॉक्टरनें करावा आणि हातांनीं हुकूम बजावावा, अशी वांटणीहि होऊन बसली. डनीडिनच्या शाळेच्या वांट्यास हाच वारसा आला.

पुढच्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, आणि जखमी सैनिकांच्या आखडलेल्या सांध्यांनीं या विद्येची गरज सिद्ध केली. १९२० सालीं अंगमर्दकांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्याहून मोठी परीक्षा पोलिओनें घेतली. लुळा पडलेला अवयव फळीस बांधून निश्चल ठेवावा, असा वैद्यकाचा दंडक होता. शेजारच्या ऑस्ट्रेलियांत एलिझाबेथ केनी ही परिचारिका गरम लोकरीच्या पट्ट्यांनीं शेक देऊन तोच अवयव हलवीत असे. क्वीन्सलंडच्या चौकशी मंडळानें १९३८ सालीं तिच्या विरुद्ध निकाल दिला. पुढें अमेरिकेंत तिच्या पद्धतीचा मोठा प्रसार झाला. रोगाविषयींची तिची उपपत्ति चुकीची होती, पण हातांस जें जाणवलें तें बरेंचसें खरें होतें. खरें काय आणि खोटें काय याचा निवाडा मात्र या हातांच्या धंद्यास स्वतः करतां येत नव्हता, कारण संशोधनाचें साधन त्याच्यापाशीं नव्हतें. माझ्या मतें पदवीची खरी निकड येथें आहे; प्रतिष्ठा ही दुय्यम गोष्ट.

१९४९ च्या कायद्यानें 'फिजिओथेरपी' हें नांव रूढ केलें. (मुंबईस के. ई. एम. रुग्णालयांत त्यानंतर थोड्याच वर्षांत हें शिक्षण सुरू झालें, तें याच नव्या नांवानें. मालीशवाल्याची सावली टाळण्याचा खटाटोप त्यास करावा लागला नाहीं.) डनीडिनची शाळा मात्र विद्यापीठाच्या उंबरठ्याशींच राहिली. १९७३ सालीं ऑकलंड येथें दुसरी शाळा निघेपर्यंत सबंध देशास हीच एक होती. १९७६ सालीं तर ती तंत्रशिक्षणाच्या पॉलिटेक्निककडे सोंपविण्यांत आली! अखेर १९९१ सालीं पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९९६ सालीं शाळा पूर्णपणें विद्यापीठांत आली. आरंभापासून पदवीपर्यंत अठ्ठ्याहत्तर वर्षें गेलीं.

याच सुमारास त्याच विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेंतील संशोधकांनीं वृद्धांच्या पडण्यावर एक प्रयोग केला. ऐंशी वर्षांच्या व त्यावरील २३३ स्त्रिया निवडून त्यांचे दोन गट पाडले. एका गटांतील प्रत्येकीच्या घरीं जाऊन फिजिओथेरपिस्टनें पायांचें बळ व तोल वाढविणारे व्यायाम शिकविले. दुसरीकडे भेटी झाल्या, पण व्यायाम दिला नाहीं. मग कोण किती वेळां पडलें, याची नोंद ठेवली. अशा चार प्रयोगांतील १०१६ वृद्धांचे आंकडे पुढें एकत्र केले, तेव्हां व्यायाम करणाऱ्यांचें पडणें सुमारें ३५ टक्क्यांनीं कमी झालेलें आढळलें. 'ओटागो व्यायाम' या नांवानें तो क्रम आज अनेक देशांतील वृद्ध करितात: खुर्चीची पाठ धरून, टांचा उचलून, मनाशीं दहापर्यंत मोजीत.