उतणारे रोगण, सरावलेले हात

जपानमध्ये उरुशी या रोगणाचे काम शिकायला आलेल्या नवख्या कारागिराच्या अंगावर पहिल्या काही आठवड्यांत पुरळ उठते आणि त्या धंद्यात ही गोष्ट कुणी लपवत नाही. मनगटांवर, पापण्यांवर, मानेवर खाज सुटते, फोड येतात, पाणी वाहते. या दुखण्याला तिकडे ‘उरुशी-काबुरे’ असे रूढ नाव आहे. जुने कारागीर शिकाऊ पोराला दोन गोष्टी सांगत आले आहेत: हे होणारच, आणि वर्षे सरतील तसे कमी होत जाईल. ॲलर्जी म्हणजे माणसाने जन्मताना सोबत आणलेला आणि मरेपर्यंत न बदलणारा गुण, अशी आपली समजूत असते. ‘मला अमुक चालत नाही’ हे वाक्य आपण रक्तगट सांगावा तसे सांगतो. उरुशीच्या धंद्याचा इतिहास या समजुतीच्या विरोधात उभा आहे. विशिष्ट पदार्थाची ॲलर्जी माणसाला आयुष्यात कधीतरी जडते, ती रूप बदलते, काही जणांत ओसरतेही, हे त्या कारागिरांना प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी कळले होते. मात्र त्यांचे ज्ञान अर्धे होते, आणि उरलेले अर्धे समजून घेतल्याशिवाय त्यांचा सल्ला उचलणे धोक्याचे आहे.

उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक. जपान, चीन आणि कोरियात वाढणारे हे झाड आपल्या आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातले. दहा-पंधरा वर्षे वाढलेल्या झाडाच्या सालीवर उन्हाळ्यापासून शरद ऋतूपर्यंत खाचा पाडतात आणि पाझरणारा चीक थेंब थेंब खरवडून घेतात. एका झाडापासून हंगामभरात जेमतेम दोनशे ग्रॅम चीक निघतो. त्यानंतर ते झाड तोडून टाकतात. इवाते प्रांतातले जोबोजी हे गाव या चिकासाठी आणि नोतो द्वीपकल्पावरचे वाजिमा हे शहर त्याच्या थरांवर थर चढवून केलेल्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. सावंतवाडीच्या कारागिरांची लाख वेगळी. ती किड्यांपासून मिळते आणि तिला हा दोष नाही. उरुशीचे वैशिष्ट्य असे की ती कोरड्या हवेत नीट वाळत नाही. दमट, उबदार कपाटात ठेवल्यावर चिकातल्याच एका विकराच्या मदतीने ती घट्ट होते. हिकोरोकुरो योशिदा यांनी 1883 मध्ये या विकराचा माग काढला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत रिको माजिमा यांनी चिकातल्या मुख्य द्रव्याची, उरुशिओलची, रासायनिक रचना उलगडली. अंगावर फोड आणणारे द्रव्य तेच. पूर्ण वाळलेले भांडे सहसा कुणाला उतत नाही, पण अर्धवट वाळलेले उतते. 1920च्या दशकात पाश्चात्त्य देशांत माहजोंग या चिनी खेळाची लाट आली, तेव्हा रोगण दिलेल्या त्या पेट्या-सोंगट्या हाताळणाऱ्यांच्या हातांवर पुरळ उठल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या.

येथे पहिला आक्षेप येतो. उरुशी मुळातच दाहक असेल, तर अंगावर फोड येण्याला ॲलर्जी का म्हणायचे? चुन्याने किंवा आम्लाने कातडी भाजते, त्यातलाच हा प्रकार नाही का? बिब्ब्याच्या बाबतीत हा आक्षेप काही अंशी खराही आहे. त्याचे तेल कातडीवर थेट टेकले तर कुणाचीही कातडी पोळते. पण भाजण्याला पूर्वओळख लागत नाही. पहिल्याच स्पर्शात, सगळ्यांनाच, स्पर्श झाला तेवढ्याच जागी ते होते. उरुशिओलचे तसे नाही. पहिल्या संपर्कानंतर कित्येक दिवस काहीच दिसत नाही, किंवा आठ-दहा दिवसांनी पुरळ येते. त्याच माणसाला दुसऱ्या वेळी एक-दोन दिवसांत येते, आणि तेही चिकाचा अगदी सूक्ष्म अंश लागला तरी. शरीराने मधल्या काळात काहीतरी शिकून घेतले आहे, याशिवाय या फरकाचा दुसरा अर्थ लागत नाही. अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही या वेलीत हेच द्रव्य असते. तेथे 1931 मध्ये नवजात बालकांच्या कातडीवर त्या वेलीचा अर्क लावून पाहिला गेला. आज कोणतीही नीतिसमिती त्याला परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. बालकांना पहिल्या वेळी काही झाले नाही, काही आठवड्यांनी पुन्हा लावल्यावर मात्र बहुतेकांच्या अंगावर पुरळ उठले. ही ॲलर्जी घेऊन कुणी जन्माला आले नव्हते.

शिकलेली गोष्ट एका पदार्थापुरती राहत नाही, याचा पुरावा भारतातूनच मिळाला आणि तो आपल्या धोब्यांच्या धंद्याशी जोडलेला आहे. कोणाचे कपडे कोणते हे कळावे म्हणून धोबी बिब्ब्याच्या रसाने कपड्यावर खूण करीत. ती खूण कितीही धुतली तरी जात नसे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिक भारतात आले, त्यांचे कपडे धोब्यांकडे जाऊ लागले, आणि अनेकांच्या मानेवर, कमरेवर, जेथे खूण टेकत होती तेथे, फोड उठू लागले. अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी 1943 मध्ये या ‘धोबी मार्क’ त्वचारोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. बिब्ब्यातले भिलावनॉल आणि पॉयझन आयव्हीतले उरुशिओल ही रसायने सख्खी भावंडे आहेत. ज्याने बिब्बा आयुष्यात पाहिला नव्हता, त्याचे शरीर त्याला पाहताक्षणी ओळखू शकत होते, कारण लहानपणी आपल्या गावच्या रानात त्याने त्या वेलीला हात लावलेला असे. कपड्यावरची जी खूण इकडे पिढ्यान् पिढ्या लोक अंगावर वागवत होते, तीच खूण परक्या देशात वाढलेल्या शरीराला जाचली. हा वंशाचा भेद मानण्याचे कारण नाही. शरीर कोणत्या वयात, कोणत्या वाटेने आणि किती प्रमाणात एखाद्या द्रव्याला भेटले, यावर बरेच काही ठरते.

पोटातून झालेली भेट आणि कातडीवरून झालेली भेट यांत तर मोठे अंतर आहे. मेरिल चेस यांनी 1946 मध्ये गिनीपिगांना एक त्वचाक्षोभक रसायन आधी खाऊ घातले आणि मग तेच कातडीला लावले. ते आधी खाल्लेल्या प्राण्यांना ॲलर्जी जडली नाही. पण ज्यांना ती आधीच जडली होती, त्यांना नंतर खाऊ घालून ती पुसता आली नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी उरुशीपेक्षा वेगळ्या यंत्रणेने होते, तरी तिच्या इतिहासातही हेच सूत्र दिसते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 मध्ये धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नका असे सांगितले आणि 2008 मध्ये तो सल्ला मागे घेतला. लंडनमध्ये गिडिऑन लॅक यांच्या चमूने 640 बालकांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2015 मध्ये आले: इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बालकांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ दिले, तर पाचव्या वर्षापर्यंत ॲलर्जी होण्याचे प्रमाण सुमारे चार-पंचमांशाने घटले. पथ्य पाळल्याने संरक्षण होते, हा समज निदान या पदार्थाबाबत उलटा ठरला.

मग उरुशीच्या जुन्या कारागिरांचे ‘हळूहळू कमी होते’ हे म्हणणे कितपत खरे? सर्वांत गंभीर आक्षेप इथेच आहे. ज्यांना अजिबात सोसले नाही ते धंदा सोडून गेले, मागे राहिले ते मुळातच काटक. मग त्यांच्याकडे बोट दाखवून ‘पाहा, सवय झाली’ म्हणणे हा गाळणीचा परिणाम झाला, शरीराच्या बदलाचा नव्हे. हा आक्षेप बिनतोड वाटतो आणि त्याचा काही भाग मान्य करावाच लागतो. उरुशी सोडून गेलेल्यांची यादी कोणत्याही कार्यशाळेत लावलेली नसते. पण तो सगळे स्पष्ट करीत नाही. राहिलेल्या कारागिरांनाही सुरुवातीला पुरळ आलेलेच असते. म्हणजे ते जन्मतः सुटलेले नव्हते. जपानी संशोधकांनी रोगणकाम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेल्या पॅच चाचण्या 1991 मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि सततच्या संपर्काने उरुशिओलला मिळणारा प्रतिसाद मंदावतो, या धंद्यातल्या समजुतीला त्यांनी आधार दिला. अमेरिकेत अल्बर्ट क्लिगमन यांनी 1950च्या दशकात वेलीचा अर्क वाढत्या मात्रेने पोटातून देऊन पाहिला. महिनोन् महिने दिल्यावर संवेदनशीलता उतरली, नाहीशी झाली नाही, आणि अर्क थांबवल्यावर काही काळाने परत वर आली. (क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या तुरुंगातल्या कैद्यांवर केलेल्या प्रयोगांचा डाग त्यांच्या नावावर कायमचा आहे, त्यांचे निष्कर्ष वापरताना तो विसरू नये.) वयाचाही हात असतो. उतारवयात पॉयझन आयव्हीची प्रतिक्रिया सौम्य झालेली पुष्कळदा आढळते, कारण रोगप्रतिकाराची एकूण धारच बोथट होते.

येथे कारागिरांच्या ज्ञानाचे उरलेले अर्धे सापडते. कमी होणे म्हणजे बरे होणे नाही. सरावाने शमलेली ॲलर्जी संपर्क चालू असेपर्यंत शमलेली असते, आणि ती शमेल की चिघळेल हे आधी सांगता येत नाही. कोणी चीक चाटून सराव करू पाहतो, कोणी वेलीची पाने चावतो. अशा प्रयत्नांत तोंडापासून गुदद्वारापर्यंत दाह झालेले रुग्ण डॉक्टरांनी पाहिले आहेत. बिब्बा पोटात घेण्याची परंपरा आपल्याकडे आहे, पण तीही शोधन केल्यावर आणि तुपाबरोबर. बाळंतिणीच्या लाडवात गोडंबी घालतात ती बी असते. क्षोभक तेल भोवतीच्या टरफलात राहते. ही विभागणी जुन्या लोकांनी अनुभवाने केली आणि ती रसायनशास्त्राशी नेमकी जुळते.

दूध-अंड्यांची ॲलर्जी बहुतेक मुलांत शाळेच्या वयापर्यंत किंवा किशोरवयात ओसरते, शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकाच मुलात, आणि कातडीला जडलेली उरुशिओलची आठवण दशकानुदशके टिकते. म्हणून लहानपणी लागलेला ‘चालत नाही’ हा शिक्का मोठेपणी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा. घरी, एकट्याने, चमचाभर खाऊन नव्हे. आणि बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या, काजूची टरफले सोलणाऱ्या बायांच्या हातांबद्दल ‘सवय होईल’ असे म्हणणे मालकांनी थांबवावे. राख आणि तेल फासून त्यांनी आजवर जे निभावले ते त्यांच्या अकलेचे श्रेय आहे. पण त्यांना हातमोजे, हात धुण्याची सोय आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्यासाठी भरपगारी दिवस मिळाला पाहिजे.