मुद्रेतील प्रधान आणि मुखातील पेशवा

इ. स. १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला, तेव्हा प्रधानांची पदनामेही पालटली. मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव, डबीर सुमंत, सरनौबत सेनापती आणि पेशवा मुख्य प्रधान. रघुनाथ पंडितांच्या नावाशी निगडित असलेला ‘राज्यव्यवहारकोश’ही याच काळातला. दरबारी यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारे त्याचे दहा वर्ग आहेत. ‘परके शब्द गेले, स्वकीय आले’ एवढे सांगून आम्ही शिक्षक मंडळी वर्गात पुढचा धडा काढतो.

वस्तुतः ते शब्द गेले नाहीत. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांस जे पद मिळाले, ते त्या घराण्याच्या मुद्रांवर ‘मुख्य प्रधान’ असेच कोरलेले आहे. लोकांच्या तोंडी मात्र ‘पेशवे’च राहिले. फडणीस, चिटणीस, वसूल, जमाखर्च हेही जागचे हलले नाहीत. यावरून कोश फसला असे कोणी म्हणेल. आम्हांस ते पटत नाही. मुद्रा म्हणजे राज्याचा स्वमुखाने केलेला उच्चार. हे पद कोणा बादशहाच्या दरबारातून आलेले नाही, हे सांगावयाचे तर तेथे ‘मुख्य प्रधान’च हवे होते. कुळकर्ण्याच्या दप्तरात असे काही सांगावयाचे नव्हते. तेथे गेल्या सालची बाकी यंदा वाचता आली पाहिजे, एवढीच निकड. एकाच राज्यात दोन्ही शब्द नांदले, कारण त्यांची कामे निराळी होती.

आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये ‘श्री सयाजी शासन कल्पतरु’ निघाला. त्यात आठ भाषांतील राज्यकारभाराचे शब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. उद्योग मोठा, आणि उपयुक्तही. परंतु एका ओळीत बसलेले शब्द एका वजनाचे असतातच असे नाही. आज्ञा गुरूची, हुकूम साहेबाचा. उलट करून पाहावे, म्हणजे कळेल.

हे आम्हांस उशिरा उमगले. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी फीमाफीसाठी चिठ्ठी आणली. तीत ‘आपणांस विनंती’ असे लिहून, आई अंथरुणाला खिळली आहे, औषधात पगार संपतो, असा मजकूर होता. ‘ही चिठ्ठी झाली, रीतसर अर्ज आणा,’ असे म्हणून आम्ही ती परत केली. दुसऱ्या दिवशी अर्ज आला. शुद्धलेखन निर्दोष, मायना यथास्थित. कारण मात्र एवढेच होते: ‘घरगुती अडचणीमुळे.’ आई त्यात कोठेच नव्हती. माफी आम्ही मंजूर केली, ती आदल्या दिवशीची चिठ्ठी आठवून. दप्तरी मात्र अर्जच लागला.