वारली चित्राचा रंग हाताला का लागतो? घासून न निघणाऱ्या रंगात नेमकं काय मिसळलेलं असतं?

डहाणू / तलासरी : घराच्या भिंतीवरचं वारली चित्र पावसाळ्यात पुसट झालं तर कुणी तक्रार करत नाही. पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवायची असतेच. पण तेच चित्र लाकडी ट्रेवर, किटलीवर, पेनस्टँडवर काढून विकलं आणि गिऱ्हाइकाच्या अंगठ्याला पांढरा रंग लागला, की माल परत येतो आणि कुरियरचा खर्च काढणाऱ्याच्या डोक्यावर बसतो. आपल्या दोन्ही तालुक्यांत वारलीवर चूल पेटणारी घरं कमी नाहीत. म्हणून रंग टिकतो कशाने, घासला जातो कशाने आणि तो टिकावा म्हणून त्यात काय घालतात, याची ही माहिती. घराला, दाराला, ट्रॉलीला रंग देणाऱ्यांनाही ती कामाला येईल.

मुळात जुनं वारली चित्र टिकण्यासाठी काढलंच जात नव्हतं. लग्नचौक सवाशिणी काढायच्या, धवलेरी गाणी म्हणायची, पालघट देवी चौकात बसायची. लग्न झालं की चित्राचं काम झालं. कारवीच्या कुडाची भिंत, तिच्यावर शेणमातीचं सारवण, वर गेरू आणि त्यावर तांदळाच्या पिठाची रेघ. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या माणसांनी इथे कागद आणि रंग आणून दिले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं देशाबाहेर गेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. भिंतीवरचं चित्र कागदावर, कापडावर आणि मग वापरायच्या वस्तूंवर आलं, तेव्हापासून टिकण्याचा प्रश्न सुरू झाला.

पिठात डिंक कशाला घालतात

भाताची पेज बोटाला चिकटते, पण कच्चं तांदळाचं पीठ पाण्यात कालवून भिंतीवर लावलं तर वाळल्यावर झटकून निघतं. कारण कच्च्या पिठातल्या स्टार्चच्या कणांची तोंडं बंद असतात. उष्णता मिळाल्यावर ते फुगतात, फुटतात आणि मग चिकट होतात. मग पेजच का लावत नाहीत? कारण शिजलेल्या खळीला झुरळं लागतात, बुरशी धरते आणि रंगही पांढराशुभ्र येत नाही. म्हणून पीठ कच्चंच ठेवायचं आणि कणांना धरायला बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक घालायचा, ही आपल्या जुन्या लोकांची रीत. रंगाच्या कारखान्यात आजही हेच चालतं. एक रंग देणारी पूड, एक तिला धरून ठेवणारा चिकट पदार्थ आणि मग थोड्या प्रमाणात घातलेले बाकीचे मसाले. धरणाऱ्या पदार्थाला कारखान्यात बाइंडर म्हणतात.

डिंकाच्या दोन खोडी आहेत. वाळलेला डिंक पाणी लागलं की परत विरघळतो, म्हणून ओल्या हाताने चित्र पुसलं की गेलं. आणि तो जास्त झाला तर कडक होऊन तडकतो, पापुद्रे सुटतात. चुन्यात किंवा डिस्टेंपरमध्ये सरस उकळून घालायचे तेव्हाही हीच अडचण होती. कमी पडला तर शर्टाला चुना, जास्त झाला तर भिंतीचे पोपडे.

हल्ली कापडावरच्या गेरूत आणि शेणाच्या रंगात बरेचजण फेविकॉल घालतात. हा पांढरा डिंक म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. बाभळीच्या डिंकापेक्षा तो लवचिक, त्यामुळे कापड गुंडाळलं तरी रंग तडकत नाही. पण तो मऊ आहे. मे महिन्यात डहाणूचा उकाडा आणि दमट हवा असते, तेव्हा तो अजून मऊ पडतो. रंगवलेल्या वस्तू एकावर एक रचून ठेवल्या की खालचीचा रंग वरचीला चिकटून येतो. पावसाचं पाणी लागलं तर फुगून पांढुरका होतो. घरात लावायच्या चित्राला तो चालतो. हातात घ्यायच्या वस्तूला किंवा शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या भिंतीला नाही. तिथे ॲक्रिलिकवाला रंग लागतो, कारण तो वाळला की पाण्यात परत विरघळत नाही आणि उन्हालाही जास्त टिकतो.

बाइंडरनंतर येतात मसाले. ओरखडा आणि घासणं सहन व्हावं म्हणून जे पदार्थ रंगात घालतात, ते दोन तऱ्हेने काम करतात. एक तऱ्हा दगडासारखी, दुसरी तेलासारखी.

दगडाची तऱ्हा

कोणता पदार्थ कोणाला ओरखडा काढतो हे ठरवायला मोह नावाची पट्टी आहे, १ ते १०. शंखजिरं १ वर, खडूचा दगड ३ च्या आसपास, काच साडेपाच, वाळूतला गारेचा दगड ७, कुरुंद ९ आणि हिरा १०. वरचा खालच्याला ओरखडा काढतो. म्हणूनच डहाणूच्या किनाऱ्यावर मोबाईल वाळूत पडला आणि शर्टाने पुसला की स्क्रीनवर रेघा येतात. वाळू ७ आहे, साधी काच तिच्या खाली.

आता रंगाच्या पातळ थरात कुरुंदाची, म्हणजे ॲल्युमिनाची, किंवा सिलिकाची बारीक पूड मिसळली की घासणारी वस्तू आधी त्या कणांवर घासते. मधला मऊ बाइंडर वाचतो. लॅमिनेटच्या जमिनीवर पाय घासून रंग जात नाही तो असाच, वरच्या थरात ॲल्युमिनाचे कण असतात. गंमत अशी की पॉलिश पेपरवरही बऱ्याचदा हीच पूड चिकटवलेली असते. ज्याने घासायचं तेच घासण्यापासून वाचवतं. चष्म्याच्या प्लॅस्टिक काचेवरचा कडक थरही सिलिकाच्याच कुळातला. पारदर्शक थरात मात्र कण फार बारीक लागतात, नाहीतर धुकं आल्यासारखं दिसतं.

इथे एक सापळा आहे. पूड जास्त म्हणजे रंग मजबूत, असं नाही. कणांमधल्या सगळ्या फटी भरतील एवढा बाइंडर हवाच. तो कमी पडला की कण सुटे राहतात आणि हाताला पावडर लागते. स्वस्त डिस्टेंपरमध्ये खडूची पूड भरपूर आणि बाइंडर कमी, म्हणून भिंतीला टेकलं की पाठ पांढरी होते. रंगारी डब्यात पाणी वाढवतो तेव्हाही तोटा होतो. थर पातळ बसतो, दोन हातांत झाकत नाही आणि लवकर झिजतो.

आपल्याकडे औष्णिक वीज केंद्र असल्यामुळे राखेचा प्रश्नही कुणीतरी विचारतो. कोळशाच्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिना दोन्ही असतात हे खरं. तिच्यातले हलके पोकळ गोळे, जे पाण्यावर तरंगतात, ते वेगळे काढून रंगात भर म्हणून वापरलेही जातात. पण ते चाळून, निवडून. घरी रंगाच्या डब्यात मूठभर राख टाकणं म्हणजे बाइंडर न वाढवता पूड वाढवणं, त्याने रंग जास्तच सुटेल.

तेलाची तऱ्हा

घासणारी वस्तू अडकलीच नाही, घसरून गेली, तर ओरखडा पडत नाही. त्यासाठी रंगात मेण घालतात. पॉलिथिनचं मेण किंवा ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानावर येणारं कार्नोबा मेण. हे शंभराला एक ते तीन एवढंच असतं. रंग वाळताना मेणाचे कण वर येतात, पृष्ठभागावर किंचित डोकं काढून बसतात आणि नख, चमचा, दुसरा डबा घसरून जातो. सिलिकॉन तर याहूनही कमी पुरतं.

पण घसरडेपणाला नख घसरतं, तसा पुढचा रंगही घसरतो. तयार ट्रे किंवा पॉलिश केलेला लाकडी डबा बाजारातून आणून त्यावर थेट चित्र काढलं, तर रेघ वाळून महिनाभरात टवका उडतो. चूक तुमच्या रंगाची नसते, खालच्या थरातल्या मेणाची असते. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत हलकं घासा, पूड पुसा आणि मगच गेरू लावा. मोटरसायकलच्या टाकीवर सिलिकॉनवालं पॉलिश मारून मग रंगवायला नेली, तर रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल गोल फाटतो. कारण तेच.

चित्राच्या वर शेवटी पारदर्शक थर द्यायचा असेल तर ॲक्रिलिकचा द्या. तेलाचं वार्निश काळाने पिवळं पडतं आणि वारलीची पांढरी रेघ लोण्यासारखी दिसू लागते. चमक नको म्हणून मॅट घेतलात तर एक लक्षात ठेवा. मॅटपणा बहुधा सिलिकाच्या खडबडीतपणामुळे येतो आणि सारखा हात लागणारा भाग गुळगुळीत होऊन चमकायला लागतो. कडीजवळ, कानाजवळ ते आधी दिसतं. अर्धी चमकवाला थर अशा वस्तूंना बरा पडतो.

सगळ्यात टणक थर दोन डब्यांच्या पीयूचा. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की त्यांचे धागे एकमेकांत विणले जातात, जाळं होतं, मग ते ना पाण्यात विरघळतं ना सहज घासलं जातं. मिसळल्यावर काही तासांतच वापरावा लागतो, उरला तर डब्यातच दगड होतो. हवेत ओल असली तर बुडबुडे येतात. आणि हे महत्त्वाचं : त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फवाऱ्याने मारताना ते श्वासात गेलं तर दमा लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. बंद खोलीत, लेकरं आसपास असताना हे काम करू नका. ऑर्डर कितीही मोठी असो.

घरी तपासायचं कसं

कारखान्यात यासाठी यंत्रं असतात, पण पेन्सिलची परीक्षा कुणालाही जमते. एचबी, एच, २एच अशा पेन्सिली घ्या, टोक सपाट घासा, ४५ अंशात धरून रंगावर पुढे ढकला. ज्या सर्वात कडक पेन्सिलने ओरखडा येत नाही, तो तुमच्या रंगाचा दर्जा. दुसरी परीक्षा ओल्या फडक्याची. एकाच जागी, एकाच जोराने वीस वेळा पुसा आणि फडकं बघा. नवा रंग वापरण्याआधी फुटक्या तुकड्यावर हे करून घेतलं तर परतीचा माल वाचतो.

मात्र परीक्षा घाईने घेऊ नका. हाताला सुका लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. ऑइलपेंट तासाभरात नाही तर रात्रभरात सुकतो, कडक व्हायला दिवस लागतात. ॲक्रिलिकला पूर्ण ताकद यायला दोन ते चार आठवडे जातात, पावसाळ्यात त्याहून जास्त. दिवाळीची ऑर्डर असेल तर पॅकिंगच्या आदल्या दिवशी रंगवलेला माल घासला जाणारच. मध्ये बटर पेपर घाला, वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

काही ठिकाणी कुठलाही मसाला कामाचा नाही. नांगराचा फाळ, रोटाव्हेटरचं पातं यांचा रंग पहिल्या फेरीत जातो, कारण जमिनीतली वाळू कुठल्याही रंगापेक्षा कडक आहे. तिथे वेल्डिंगवाल्याकडून कडक धातूचा थर चढवून घेतात. रंग फक्त गोदामात गंज लागू नये म्हणून. आणि बोटीच्या बुडाला लावायचा एक प्रकारचा रंग तर मुद्दाम झिजणारा बनवतात, थर झिजत गेला की त्याला चिकटू पाहणारे कालवं-शेवाळ त्याच्याबरोबर सुटतं.

जुन्या दारा-खिडक्यांचा ऑइलपेंट खरवडणाऱ्यांसाठी एक सूचना. घरगुती रंगात शिसं दहा लाखाला ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगात ते किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून असा रंग कोरडा घासू नका, पाणी मारून घासा, खाली जुनं कापड अंथरा आणि निघालेली पूड अंगणात झाडू नका, तिथे कोंबड्या टिपतात आणि पोरं खेळतात.