पट्टी कुठे गेली? स्क्रोलबारचा पन्नास वर्षांचा प्रवास

हा पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऐकून काहीजण हसतील. स्क्रोलबार. हो, तोच. विंडोच्या उजव्या कडेला असायची ती उभी पट्टी. तिच्यावर अख्खा भाग करायचं कारण म्हणजे माझ्या हातून झालेली एक चूक. ती आधी सांगतो, मग इतिहासाकडे वळू.

गेल्या वर्षी अलिबाग तालुक्यातल्या एका पतसंस्थेसाठी मी छोटं डेस्कटॉप सॉफ्टवेअर केलं. सभासदांची नावं, गाव, शेअर्स, लाभांश, एवढंच. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर राखाडी रंगाचं आणि बटणांनी गच्च भरलेलं होतं. मला वाटलं, जरा स्वच्छ दिसू दे. म्हणून बऱ्याच गोष्टी काढल्या आणि त्यात यादीच्या कडेचा स्क्रोलबारही गेला. दोन ओळींचं काम होतं. माऊसला चाक आहे, लॅपटॉपला टचपॅड आहे, पट्टी धरून ओढतो कोण आता?

लाभांश वाटपाच्या दिवशी, शुक्रवारी, चौलकडच्या एक आजी आल्या. काउंटरवरच्या काकांनी गाव निवडलं. यादी आली, अठरा नावं. त्यात आजींचं नाव नाही. काका म्हणाले, "आजी, तुमचं नाव दिसत नाहीये यादीत. साहेब सोमवारी येतील, तेव्हा या." आजी एसटीने परत गेल्या.

त्यांचं नाव तेविसावं होतं. त्या स्क्रीनवर बरोबर अठरा ओळी मावत होत्या आणि अठरावी ओळ खालच्या कडेला अगदी नीट संपत होती. एकोणिसावी ओळ अर्धी कापलेली जरी दिसली असती तरी काकांना शंका आली असती. पण सगळं कसं नीटनेटकं! रक्कम काही मोठी नव्हती. पण शेअर्स आजींच्या यजमानांच्या नावावरून त्यांच्या नावावर आलेले, त्यामुळे दोन दिवस त्या घरात एकच चर्चा, की पतसंस्थेने शेअर्स खाल्ले.

सोमवारी मला फोन आला. मी गेलो, चाक फिरवलं, खालची नावं वर आली. काका बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, पण पट्टी कुठे गेली?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी जुनं वाचायला बसलो. सापडलं ते तुम्हाला सांगतो.

आधी खरी गुंडाळी

स्क्रोल म्हणजे मुळात गुंडाळी. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर खऱ्या गुंडाळीची परंपरा आहे. अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन अबोथ हे सिनेगॉग आहे. बेने इस्रायल म्हणजे कोकणात शतकानुशतकं राहिलेला, मराठी बोलणारा ज्यू समाज. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणायचे. आपल्या पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं, अशी त्यांची परंपरागत कथा आहे.

ज्यूंचा तोरा हा ग्रंथ सिनेगॉगमध्ये वाचतात तो पुस्तकातून नाही, तर चामड्यावर हाताने लिहिलेल्या लांबलचक गुंडाळीतून. दोन लाकडी रूळ, एक उजवीकडे, एक डावीकडे. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे वाचन पुढे सरकेल तसा उजवा रूळ जाड होतो आणि डावा बारीक. वर्षभर दर आठवड्याला ठरलेला भाग वाचायचा, शेवट आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघा. ते रूळ दोन कामं करतात. एक, ते धरून फिरवले की मजकूर सरकतो. म्हणजे ती मूठ आहे. दुसरं, त्यांच्या जाडीकडे नुसतं पाहिलं तरी कळतं की किती झालं आणि किती उरलंय. म्हणजे तो काटाही आहे, घड्याळाच्या काट्यासारखा. मूठ आणि काटा. आजच्या भागातलं एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास या दोन कामांभोवती फिरतो.

कॅलिफोर्नियातली पहिली पट्टी

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथल्या झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात ॲलन के आणि त्यांचे सहकारी स्मॉलटॉक नावाची प्रणाली बनवत होते. एकावर एक येणाऱ्या विंडो, माऊस, मेनू, यातलं बरंच तिथे आकाराला आलं. स्मॉलटॉकमधला स्क्रोलबार विंडोच्या डाव्या बाजूला असायचा आणि गंमत म्हणजे तो कायम दिसायचा नाही. ज्या विंडोत तुम्ही काम करताय तिच्याच कडेला तो बाहेर यायचा, दुसरीकडे गेलात की आत जायचा.

वापरायला तो थोडा अवघड होता. पट्टीच्या आत माऊस जरा डावी-उजवीकडे सरकवला की कर्सरचा बाण बदलायचा. एका जागी मजकूर वर, एका जागी खाली, मध्ये नेला की थेट उडी. पण काटा म्हणून तो पक्का होता. आतल्या करड्या ठोकळ्याची उंची मजकुराच्या प्रमाणात असायची. मजकूर लांब असेल तर ठोकळा लहान. म्हणजे रुळाची जाडी त्यांनी बरोबर पडद्यावर आणली होती.

पहिलं सोपं करणं

जानेवारी १९८३ मध्ये ॲपलने लिसा हा संगणक आणला. त्यात पट्टी उजवीकडे आली आणि कायम दिसू लागली. पट्टीत तीन प्रकारच्या गोष्टी होत्या. टोकांना बाण, ते दाबले की थोडं सरकायचं. त्यांच्या जोडीला पानभर सरकवणारी वेगळी बटणं. आणि मध्ये वरखाली जाणारा ठोकळा, ज्याला ते एलिव्हेटर म्हणायचे, म्हणजे लिफ्ट.

बरोबर एका वर्षाने, जानेवारी १९८४ मध्ये, मॅकिंटॉश आला. त्यात पानाची वेगळी बटणं काढून टाकली होती. काम मात्र ठेवलं. ठोकळ्याच्या वर किंवा खाली मोकळ्या राखाडी जागेत क्लिक केलं की पानभर सरकायचं. मोकळी जागा नाहीतरी होतीच, तिलाच कामाला लावलं. माझ्या मते हे सोपं करण्याचं उत्तम उदाहरण आहे. भाग कमी झाले, पण काम एकही गेलं नाही.

आणखी एक आकडा सांगतो. मॅकिंटॉशचा पडदा ५१२ पिक्सेल रुंद होता आणि पट्टी १६ पिक्सेलची. म्हणजे पडद्याचा बत्तिसावा भाग. एवढ्याशा पडद्यावर त्या लोकांनी एवढी जागा पट्टीला दिली, कारण गरज होती. माऊसला चाक नव्हतं, क्लिक करायला नेम लागायचा. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच दाखवून दिलं होतं की लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका हात तिथे न्यायला वेळ जास्त.

पण लिसा आणि मॅकमध्ये एक गोष्ट हरवली. ठोकळा कायम एकाच आकाराचा चौकोन झाला. तुम्ही कुठे आहात हे कळायचं, एकूण किती आहे हे नाही. दोन पानांचं पत्र असो की दोनशे पानांचा अहवाल, ठोकळा तेवढाच. १९८५ च्या पहिल्या विंडोजनेही तसाच ठेवला.

ठोकळा परत मोठा-लहान झाला

सगळे असे नव्हते. १९८५ च्या अमिगा आणि अटारी एसटी या संगणकांत ठोकळा प्रमाणात लहान-मोठा व्हायचा. स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट संगणकात पट्टी डावीकडे होती आणि वर-खालीचे दोन्ही बाण शेजारी शेजारी ठेवलेले, म्हणजे दिशा बदलायला हात लांब न्यायला नको. युनिक्सच्या एक्सटर्ममध्ये तर बाणच नव्हते. माऊसचं डावं बटण दाबलं की पुढे, उजवं दाबलं की मागे.

आपल्याकडे जो घरोघर पोहोचला तो मात्र ऑगस्ट १९९५ चा विंडोज ९५ आणि त्याचे वंशज. त्यात ठोकळा प्रमाणात आला. मॅकमध्ये हीच सोय यायला १९९८ उजाडलं, तेही सेटिंगमध्ये जाऊन निवडली तर.

महाराष्ट्रात याला एक वेगळं महत्त्व आहे. २००१ मध्ये एमकेसीएलने एमएस-सीआयटी हा कोर्स सुरू केला. सरकारी नोकरीला त्याचं प्रमाणपत्र लागायला लागलं आणि गावोगावी क्लास निघाले. शिक्षक, तलाठी, बँकेतले कारकून, सगळ्यांनी माऊस पहिल्यांदा हातात धरला तो बऱ्याचदा तिथेच. टायटल बार, मेनू बार, स्क्रोल बार, ही नावं लोकांनी पाढ्यांसारखी पाठ केली. आमचे काकाही तिथेच शिकलेले. ते मला म्हणाले, "ठोकळा बारीक दिसला की कळायचं, यादी लांब आहे. मग आधी चहा सांगायचा." ठोकळ्याची उंची वाचायला त्यांना कोणी वेगळं शिकवलं नव्हतं. रोज बघून कळलं होतं.

मूठ सुटली, काटाही गेला

१९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस आला आणि माऊसचं चाक सगळीकडे पोहोचलं. तिथून पट्टीचं मुठीचं काम संपत गेलं. बोट जिथे आहे तिथूनच सरकवता येत असेल तर कडेपर्यंत जायचं कशाला? २००७ मध्ये आयफोन आला, त्यात मजकूरच बोटाने ढकलायचा. पडदा लहान, म्हणून पट्टीची झाली एक बारीक रेघ, सरकवताना दिसणारी आणि थांबलं की विरणारी. फोनसाठी ते योग्यच होतं.

मग २०११ साल. एप्रिलमध्ये उबंटू ११.०४ ने पट्टी बारीक करून टाकली आणि माऊस जवळ आला की मूठ तरंगत बाहेर येईल अशी सोय केली. जुलैमध्ये ॲपलने मॅक ओएस एक्स लायन आणलं. टोकाचे बाण गेले आणि टचपॅड वापरणाऱ्यांसाठी पट्टी एरवी दिसेनाशी झाली. साधा चाकाचा माऊस जोडला तर मात्र ती कायम दिसायची. पुढे लिनक्सवर, विंडोजवर, सगळीकडे पट्ट्या बारीक होऊन लपत गेल्या.

कोणी म्हणेल, लपणारी पट्टी तर स्मॉलटॉकमध्येही होती. होती, पण फरक बघा. तिथे तुम्ही जी विंडो वाचताय तिची पट्टी बाहेरच असायची. लपायच्या त्या बाकीच्या. लायनमध्ये विंडो उघडताना पट्टी क्षणभर चमकते आणि जाते. नंतर ती बघायची तर आधी सरकवावं लागतं. म्हणजे खाली आणखी काही आहे हे कळायला, खाली आणखी काही आहे हे आधीच माहीत असावं लागतं! आमचे काका नेमके इथे अडकले.

जागा वाचते म्हणावं तर तेही पटत नाही. आज १९२० पिक्सेलच्या पडद्यावर विंडोजची नेहमीची १७ पिक्सेलची पट्टी एक टक्काही जागा घेत नाही. पडदा छोटा होता तेव्हा आपण बत्तिसावा भाग देत होतो, आणि पडदा मोठा झाल्यावर शंभरावा द्यायला तयार नाही.

मला आता चूक अशी दिसते. चाक आल्यावर मूठ नकोशी झाली, हे खरं. पण काट्याचं काम चाकाने घेतलं नव्हतं, ते कोणीच घेतलं नव्हतं. पट्टी एकच दिसते म्हणून आपण ती एकच वस्तू समजलो आणि दोन्ही कामं एकदम काढून टाकली. १९८४ मध्ये मॅकवाल्यांनी बटण काढण्याआधी त्याचं काम कुठे जाईल ते ठरवलं होतं. मी मात्र आरशासारखी स्वच्छ स्क्रीन बघून खूश झालो.

मग काय केलं

पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टी परत आणली, कायम दिसणारी. बाण नाही दिले, त्यांची खरंच गरज नव्हती. यादीच्या खाली एक ओळ टाकली: "एकूण ४१ पैकी १ ते १८". आणि ओळींची उंची अशी केली की शेवटची ओळ अर्धी कापलेली दिसेल. थोडं कुरूप दिसतं, राहू दे. आता कुठलीही गोष्ट काढण्याआधी मी वहीत लिहितो, की ही हाताला काय देते आणि डोळ्याला काय देते.

तुमच्या घरी, ऑफिसात कोणाला असा त्रास होत असेल तर उपाय सोपा आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स, तिथे "ऑलवेज शो स्क्रोलबार्स" चालू करा. मॅकमध्ये सेटिंग्जमध्ये "शो स्क्रोल बार्स" शोधा आणि "ऑलवेज" निवडा. आईवडिलांच्या लॅपटॉपवर तर आजच करून टाका. माझ्यासारख्या कोणी स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येच पट्टी काढली असेल तर मात्र सेटिंगचा उपयोग नाही, त्याला फोनच करायला लागेल.

आजींना लाभांश त्याच आठवड्यात मिळाला. मी माफी मागायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझी कसली चूक, मशीनलाच नाव दिसलं नसेल." मला काही बोलता आलं नाही. मशीनला दिसत होतं. माणसाला दिसू नये अशी सोय मी केली होती.

पुढच्या भागात माऊसचं उजवं बटण. ते कुठून आलं आणि मॅकवाल्यांनी इतकी वर्षं ते का टाळलं, त्याबद्दल बोलू. भेटू मग.